जड नाव

"वाईट परीक्षण आलं तरी मी भिंतीला लावते, कुणीतरी वाचलं, एवढं तरी कळतं," वुर्यानी एकदा म्हणाली होती.

जावा बेटावरच्या कोटागेडेत, चांदीकामाच्या ठकठकीत तिचं छोटं प्रकाशन होतं. तिच्या लेखकांविषयी कुठे चार ओळी आल्या तरी कात्रण भिंतीवर चढायचं. कुणी कवितांना पाणचट म्हटलेलं, कुणी नुसतं मुखपृष्ठ पाहून पुस्तक निकालात काढलेलं. सगळं त्या भिंतीने पचवलं होतं. पण परवा जाकार्ताच्या मोठ्या दैनिकात तिने काढलेल्या एका कथासंग्रहावर चक्क अर्धं पान आलं आणि टाचणी तिच्या बोटांतच राहिली.

'वालुयो यांच्या कथा म्हणजे ब्रोतोसेनो यांच्या लेखनावर मारलेला डल्ला आहे. लय तीच, उपमा त्याच. विस्मरणात गेलेल्या एका समर्थ लेखकाच्या घरावर हा दिवसाढवळ्या दरोडा आहे.'

मागोमाग साहित्य-उत्सवाचा निरोप आला: आज संध्याकाळपर्यंत खुलासा करा, नाहीतर वालुयोंचं निमंत्रण रद्द. म्हाताऱ्याला जन्मात मिळालेलं पहिलं निमंत्रण.

खुलासा एका ओळीचा होता. दोघे एकच. शिंपी बापाने हौसेने पोराला भीमाचं जावानी नाव ठेवलं, ब्रोतोसेनो. त्याच नावाने पोराने तरुणपणी कथा छापल्या. पन्नाशीत त्याने अंथरूण धरलं, औषधं हरली, तेव्हा गल्लीतल्या जाणत्यांनी सांगितलं, नाव जड झालंय, अंगाला पेलत नाही. लाल-पांढरी खीर वाटून नाव बदललं. वालुयो, म्हणजे बरा. महिनाभरात तो हिंडूफिरू लागला. तेव्हापासून जुनं नाव घ्यायचं नाही. ती खीर वुर्यानीनेही खाल्ली होती. म्हणून तर मलपृष्ठावर तिने ते जुनं नाव छापलं नव्हतं. गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पण जाकार्ताचा माणूस विचारतो कशाला?

खुलासा फोनवर टाइप करून ती वालुयोच्या घरी गेली. तो ओसरीवर पिंजऱ्यातल्या पारव्याला दाणे घालत होता. शेजारी तेच वर्तमानपत्र.

"छान लिहिलंय, बू," तो म्हणाला. तो तिला आदराने बू, म्हणजे बाई, म्हणायचा आणि ती त्याला पाक, म्हणजे काका.

"छान? पाक वालुयो, तुम्हाला चोर म्हटलंय!"

"त्याला समर्थ म्हटलंय ना. बिचाऱ्याला जिवंतपणी कुणी म्हटलं नव्हतं."

"तो म्हणजे तुम्हीच! ब्रोतो..."

आतून झाऱ्याचा खणकन आवाज झाला. वालुयोची बायको तुमिनी दारात आली. "बू, ते नाव या घरात नको. पुन्हा अंथरुणाला खिळले, तर घाण उपसायला तुमचा समीक्षक येणारे का? बसा. केळ्याची भजी घ्या."

"तुम्ही नाव घेऊ नका, पाक. मी छापते. एकच ओळ."

"छापणं म्हणजे हजार तोंडांनी हाक मारणं. आणि हाक आली की तो ओ देईल. सवय आहे त्याला."

"निमंत्रण जाईल."

"जाऊ दे."

"माझं पुस्तक चोरीचं ठरेल!"

वालुयोने हातातले दाणे झटकले. "समीक्षक खोटं कुठे बोलतोय? वाक्यं त्याचीच आहेत. मी घेतली. विचारायचं राहून गेलं." मग काहीतरी सुचल्यासारखं म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत त्याचे आभार मानू या का? नाव न घेता?"

वुर्यानीला हसावं की डोकं आपटावं कळेना. नावाच्या या अंधश्रद्धेवर तिचा विश्वास नव्हता. पण तो खाटेवर पडलेला असताना, बरगड्या मोजता येतील अशा त्या छातीकडे तिने पाहिलं होतं, आणि तेव्हा खिरीचा वाडगा निमूट पुढे केला होता.

फोन वाजला. उत्सवाचाच. ती वाजणाऱ्या फोनकडे पाहत राहिली. वाजायचा थांबला, तसा तिने खुलासा पुसून टाकला.

"कात्रण भिंतीला लावणार ना, बू?" वालुयोने विचारलं. "वाईट आलं तरी लावता तुम्ही."

तिने हेल्मेट उचललं, भज्यांची बशी तशीच बाकावर ठेवली आणि फाटकाबाहेर पडली.