मांडवातले दोन छोटे कॅमेरे

डॉक्टरांनी माझ्या मणक्याचा एक्स-रे उजेडासमोर धरला, तेव्हा मी आधी त्याचं एक्स्पोजर बघितलं. सवयच तशी. फोटो उत्तम आला होता, मणका उत्तम नव्हता. यापुढे खांद्याला ओझं अजिबात नको, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, मग लगीनसराईत काय डोळ्यांनी फोटो काढू? ते म्हणाले, आता सगळे मोबाईलवरच काढतात की. मी म्हणालो, मग ऑपरेशनही कंपाउंडरकडूनच करून घेतो. बायकोनं दंडाला धरून मला बाहेर काढलं.

शहापुरात आमचा लहानसा स्टुडिओ आहे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या लग्नांचे फोटो मी तीस वर्षं काढत आलो. दोन मोठे कॅमेरे, तीन लेन्स, फ्लॅश, स्टँड अशी सगळी बॅग खांद्यावर आणि पाड्यावरची चढण पायाखाली. बायको सोबत असायचीच. उजेडाची छत्री तिच्या हातात, बॅटऱ्या तिच्या पर्समध्ये आणि घरी आल्यावर अल्बमला फोटो निवडायचं कामही तिचंच. मी डोळे मिटलेल्या नवरीचा फोटो आत सरकवू लागलो की ती तो मुकाट्यानं बाजूला ठेवायची. लोक तिला फोटोवाल्या बाई म्हणायचे. पण तिनं फोटो कधी काढला नव्हता. मी तिच्या हातात कॅमेरा कधी दिलाच नाही.

कंबर गेली आणि माझी झोप गेली. शेतीत मला गती नाही, भाताचं सगळं भाऊ बघतो. लग्नं सुटली तर पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन, एवढ्यावर स्टुडिओ किती दिवस चालणार? आणि खरं सांगायचं तर पोटापेक्षा मला भीती दुसरीच होती. लग्नाच्या मांडवात मला जागा असते, काम असतं, चार माणसं माझं ऐकतात. घरी बसलो तर मी कोण?

ही बातमी मुरबाडला माझ्या एका धंदेभावाच्या कानावर गेली. आमचं तीस वर्षांचं वैर. मी त्याची गिऱ्हाइकं पळवायची, त्यानं माझी, आणि एखाद्या लग्नात समोरासमोर आलो तर दोघांनी तोंडं फिरवायची. तो किन्हवलीवरून मोटरसायकलनं भर उन्हात आला, काउंटरवर एक छोटा कॅमेरा ठेवला आणि म्हणाला, "वापरून बघ. नाय जमला तर परत दे. पन घरी बसू नको रे." चहासुद्धा न घेता गेला. मी त्याच्याबद्दल गावभर जे जे बोललो होतो ते मला त्या दिवशी एकेक करून आठवलं. दुसरा छोटा कॅमेरा कल्याणच्या दुकानदारानं पंधरा दिवस वापरायला दिला, निव्वळ ओळखीवर. या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

दोन्ही कॅमेरे मुठीत मावणारे. पण आतून मोबाईलपेक्षा वेगळे. उजेड पकडणारा जो सेन्सर असतो तो मोबाईलमध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढा. कल्याणच्या कॅमेऱ्यात तो अंगठ्याच्या नखाएवढा आणि मुरबाडच्यात टपालाच्या तिकिटाएवढा. सेन्सर जेवढा मोठा, तेवढा कमी उजेडात फोटो स्वच्छ. मात्र मुरबाडच्या कॅमेऱ्याला झूम नाही. जवळचं हवं असेल तर आपल्या पायांनी जवळ जायचं. कल्याणच्याची लेन्स बाहेर येते आणि मांडवाच्या त्या टोकाचा माणूस ओढून समोर आणते. दोन्हींतला एकच ठेवायचा होता, म्हणून मी वहीत दोन रकाने आखले आणि परीक्षा सुरू केली.

पहिल्याच पेपरला मुरबाडचा नापास. शेजारचे निवृत्त एसटी ड्रायव्हर पासपोर्ट फोटोला आले. मी जवळ जाऊन काढला तर नाक वांग्याएवढं झालं आणि कान पार मागे गेले. त्यांनी फोटो हातात धरला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ह्यो माझाच हाय ना? मग कल्याणच्या कॅमेऱ्यानं चार पावलं मागे जाऊन, झूम लावून काढला. चेहरा चेहऱ्यासारखा आला.

डोळखांबच्या बाजूला मेहुणीच्या घरी गेलो तेव्हा उलटं झालं. कुडाचं घर, दाराएवढाच उजेड, आत चूल. झूम लावून चुलीपाशी बसलेल्या तिच्या सासूचा फोटो काढला तर सगळ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे. मुरबाडच्यानं मात्र कुडाची काठी न् काठी दाखवली, आजीच्या हातावरचं गोंदणही दाखवलं. मुरबाडच्या बाजारात तर त्यानं मला वेडच लावलं. सुकट विकणाऱ्या बायकांपुढे मी कमरेजवळ धरून बटण दाबत राहिलो, कुणी ढुंकून बघितलं नाही. मोठा कॅमेरा उगारला की आमची माणसं फौजदारासमोर उभं राहिल्यासारखी ताठ होतात. इथे त्या बायका भांडत होत्या, हसत होत्या, सुट्टे पैसे नसल्याबद्दल गिऱ्हाइकाला सुनावत होत्या. असे चेहरे मी तीस वर्षांत काढले नव्हते.

घरी आलो तर बायको मागच्या दारात कल्याणचा कॅमेरा घेऊन बसलेली. शेवग्यावर बुलबुलाचं घरटं होतं, ते ती झूम लावून बघत होती. तुझं काय चाललंय, म्हणून मी हसलो. पक्ष्यांचे फोटो लावायला रकाना नव्हता माझ्या वहीत. ती म्हणाली, पिल्लं दोन हायेत, आणि परत बघू लागली. पुढचे चार-पाच दिवस तिचा तोच उद्योग चालू होता.

शेवटची परीक्षा वैशाखातल्या लग्नाची. नवरा मुरबाडकडचा, नवरी डोळखांबजवळच्या एका पाड्यावरची आणि लग्न नवरीच्या दारात, भर दुपारी. काम मला नवऱ्याच्या वडिलांनी दिलं होतं. छोटे कॅमेरे बघून त्यांचा चेहरा उतरला. मी काही न लपवता कमरेचं सांगितलं. ते म्हणाले, चालेल, पण मामाच्या मानाचा फोटो चुकवू नका. त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. आमच्याकडे मुलीकडचे लोक मुलाकडच्या मानाच्या माणसांना ओळीनं बसवतात. कपाळाला गंध, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. आता त्यात फोटोही आला. मामाला टोपी घातली आणि फोटो निघाला नाही, तर मामाच्या लेखी मान झालाच नाही. अशा एका मामानं जेवणावरून उठून भाच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलेलं मी पाहिलं आहे. हा फोटो चुकला तर या घरात मला पुन्हा बोलावणं नव्हतं, आणि अशी बातमी दोन्ही तालुक्यांत फिरायला आठवडा पुरतो. तसं झालं तर कॅमेरा कुठला घ्यायचा हा प्रश्नच उरणार नव्हता.

निघताना बायको म्हणाली, या वेळी खांद्याला पट्टा नाही, तर तो नवा पांढरा सदरा घाला. मी घातला. तिथेच सगळा घोळ झाला.

मांडवात मी मुरबाडचा कॅमेरा हातात ठेवला आणि कल्याणचा बायकोकडे सांभाळायला दिला. ती मांडवाच्या टोकाला लग्नाची गाणी सांगणाऱ्या धवलारणीजवळ, इतर बायकांत जाऊन बसली. मी मानाच्या ओळीजवळ गेलो. समोरून नवरीचे चुलते गंधाचं ताट घेऊन आले. त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं. पांढरा सदरा, पिकलेले केस, खांद्यावर बॅग नाही, आणि हातातलं ते काळं चष्म्याच्या घरासारखं. त्यांनी माझा हात धरला आणि मामांच्या शेजारच्या खुर्चीवर मला बसवलं. मी तोंड उघडेपर्यंत कपाळाला गंध लागलं आणि डोक्यावर टोपी आली.

आता उठणार कसं? मानावरून उठलं की मान देणाऱ्याचा अपमान, तोही सगळ्या सोयऱ्यांसमोर, पोरीच्या लग्नात. मी हातात नारळ धरून बसलो आणि चुलते मामांकडे वळले. बसल्या बसल्या हात वाकडा करून मी एक फोटो काढला. त्यात मामांचा अर्धा कान आणि माझा अंगठा आला. मामा मात्र छाती काढून, मान ताठ करून समोर बघत होते. फोटोग्राफर समोरच कुठेतरी असणार, असंच त्यांना वाटत होतं. तो त्यांच्या मांडीला मांडी लावून टोपी घालून बसला होता. टॉवेल खांद्यावर गेला, नारळ हातात गेला आणि क्षण संपला. गंध काही पुन्हा लावत नाहीत.

परतीच्या जीपमध्ये मी बायकोला म्हणालो, संपलं आपलं. ती टोपीची घडी घालत होती. म्हणाली, "मी दाबलं व्हतं बटण. आलाय का नाय, कुणास ठाऊक." मला तेव्हा तिचा रागच आला. बुलबुलाचे फोटो काढणं निराळं आणि लग्न निराळं, असं काहीतरी मी बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. मामांचा फोटो होता. टोपी डोक्यावर टेकते आहे, चुलत्यांच्या दोन्ही हातांची बोटं अजून टोपीच्या कडेला आहेत आणि मामांचे डोळे भरून आले आहेत. छाती ताठ ठेवून बसलेला तो माणूस आतून रडवेला झाला होता, हे मी मांडीला मांडी लावून बसलो असताना मला दिसलं नव्हतं. मांडवाच्या सावलीमुळे थोडे दाणे होते फोटोत. असू देत. तीस वर्षांत मी मानाचा असा फोटो काढलेला नाही, हे मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. जीपमधल्या बोलण्याबद्दल माफीही मागितली. ती म्हणाली, पुढचे बघा.

पुढचे माझे होते. मी एका हातानं कंबर धरून खांबाला टेकलेला. मी पोरांना बाजूला सारताना, कपाळाला आठ्या. मी टोपी घालून, नारळ धरून बसलेला, चेहरा असा की कुणीतरी माझा खिसा कापला आहे. आणि एक जेवणाच्या पंगतीतला, वाढणाऱ्या बाईला काहीतरी सांगून मी हसतो आहे. आमच्या लग्नानंतर माझा फोटो कुणी काढलेलाच नव्हता. काढणार कोण? कंबर दुखायला लागल्यापासून मी हसलो असेन असंही मला वाटत नव्हतं. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो.

नवऱ्याचे वडील आठवड्यानं आले. मामांच्या फोटोपाशी थांबले आणि खिशातून रुमाल काढला. मी खरं काय ते सांगून टाकलं, मानावर बसल्याचं आणि फोटो बायकोनं काढल्याचं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना दारात म्हणाले, "धाकट्याचं लगीन मार्गशीर्षात हाय. दोघंबी या." त्यांच्या पाठीमागे मी दोन्ही हात जोडले. त्यांना ते दिसलं नाही.

संध्याकाळी मी दोन्ही कॅमेरे टेबलावर ठेवले, वही उघडली आणि बायकोला विचारलं, कुठला ठेवायचा. तिनं वहीकडे बघितलंही नाही. दोन्ही, म्हणाली, आणि कल्याणचा कॅमेरा उचलून स्वतःकडे घेतला.

"हा का गो?" मी विचारलं.

"तुमाला मान्साच्या अंगावर जाऊन फोटो काढायची सवय. मला लांबून बघायची. तीस वर्षं छत्री धरून तुमालाच बघत उभी व्हते ना."

मी उठलो, त्या कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या मनगटात अडकवला आणि सैल होऊ नये म्हणून गाठ मारून दिली.