वाळकाचा चाकू

दोस्तहो, आज अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, घेऊन लातूरला गेलो होतो, त्यांच्यासाठी खिशात मावणारा घडीचा चाकू घ्यायला. जुन्याचं पातं झिजून पार काडी झालं होतं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

दुकानदारानं काउंटरवर स्वस्तातले चाकू मांडले. अण्णांनी एकेक उघडला आणि डोळे मिटून हवेतच वाळूक, ते रानातलं काकडीसारखं फळ, कापायला लागले. डाव्या हातात ते नसलेलं वाळूक, उजव्यात चाकू. "ह्यानं फोड जाड निघायली," म्हणत दोन चाकू परत ठेवले. दुकानदार हसला नाही. "मग हा बघा अण्णा, पातळ हाय," म्हणाला. लाकडी मुठीचा तो साधा चाकू पसंत पडला.

औंदा आमच्या रानात पाऊसच नाही, वाळकाचा एक वेल उगवला नाही. तरी मला त्या दुकानात पिकल्या वाळकाचा वास आला.

परतताना बसमध्ये लोक आपल्या भागाचा नवा जिल्हा होणार अशा गप्पा मारत होते. खिडकीबाहेर उघडी रानं पळत होती. अण्णांनी मिटलेला चाकू आमच्या मधे सीटवर ठेवला. आमच्याकडं चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतेत. "आता तू काप," ते म्हणाले.

मी तो उचलला आणि मिटलेल्या चाकूनंच हवेतली एक फोड कापून त्यांच्यापुढं धरली.

"आधी देठाकडची तू चाख. कडू निघंल."

मी चाखली. तुम्हाला सांगू? लई गोड होती.