उतारापर्यंत आलेला मिस्त्री

लेकीला तिच्या तान्ह्या बाळासह, पाळणा-सामान घेऊन, सासरी, अक्कलकोटला, पोचवायला मी छोटी मालमोटार ठरवली होती. गावातल्याच सात रस्ता चौकापाशी ड्रायव्हर म्हणाला, ब्रेकचे पेडल फार जड झाले आहे.

तिथल्या मिस्त्रीने पेडलपासून चाकाकडे जाणारी सळई सोडवली आणि डोळे मिटून पेडल हाताने दाबले. तरीही ते जडच.

"चाकाकडं काय न्हाय. हितंच आवळलंय," म्हणत त्याने पेडल जिच्यावर फिरते ती खीळ काढली. तिच्यावर काळे वंगण धुळीने थिजले होते.

"बैलगाडीचं वंगण घातलंस व्हय?" त्याने ड्रायव्हरला विचारले. "आता पेंडबी घाल की."

खीळ रॉकेलने धुऊन, पातळ तेल लावून त्याने सगळे पुन्हा जोडले.

"शंभरात किती खात्री?" मी विचारले.

"आकड्यानं तुमचं समाधान न्हाय व्हायचं, मालक. संगं येतो की."

तो मागे पाळण्याशेजारी बसला. पहिल्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला. मोटार झटक्यात थांबली, मिस्त्रीची टोपी रस्त्यावर पडली, पण लेकीच्या मांडीवरचे बाळ झोपलेलेच राहिले. मिस्त्री उतरला, टोपी झटकून "जावा आता" म्हणाला आणि भर उन्हात पायी माघारी निघाला.

पुढे पुष्कळांनी मला हमी दिली. उतारापर्यंत बरोबर कोणी आले नाही.