पथ्याचा रकाना

मोताळ्यात अन्नपूर्णाबाईंचं डब्यांचं स्वयंपाकघर आहे, आणि त्याचं डोकं म्हणजे प्रतीक्षा. असं ती स्वतः म्हणत नाही हं, बाई म्हणतात. एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच डबे जातात. कोणाला तिखट सोसत नाही, कोणाला वांगं चालत नाही. हे सगळं प्रतीक्षानं मोबाइलवरच्या यादीत बसवलेलं. नाव, गल्ली, फोन हे रकाने त्यात आधीच होते. 'पथ्य' हा टिचकीनं पर्याय निवडायचा रकाना मात्र तिनं स्वतः बनवलेला. त्याचा तिला भारी तोरा!

पण स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर बाबा आदमच्या जमान्यातला. त्यातलं एक्सेल इतकं जुनं, की नवी फाइल दिसली की तोंड फिरवायचं. म्हणून तिनं यादी जुन्या प्रकारात साठवली आणि छापण्याआधी सहज नजर टाकली. नावं आली, गल्ल्या आल्या, फोनही आले. पथ्याचा रकाना कोराच! तिनं बनवलेलं जुन्या एक्सेलला ओळखताच आलं नाही.

"मेल्या, हाच तर पाहिजे होता!" ती पडद्यावर खेकसली.

डबे भरायची घाई. मोबाइलवर एकेक नाव पाहून पथ्य लिहायला हवं होतं. पण आपल्याला सगळं तोंडपाठ आहे, या घमेंडीत तिनं रकाना आठवणीतून भरला, यादी छापली आणि कागद चुलीजवळच्या खिळ्याला लटकवला.

त्या यादीत अब्दुल गनी होते. जन्मभर गाद्या पिंजल्या, बायको गेल्यावर एकटे पडले. अकोल्याला दिलेल्या मुलीनं, नूरजहांनं, डबा लावून दिला होता. "अब्बा का मीठा बंद है, इतना खयाल रखना," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. तेव्हा प्रतीक्षानं मोबाइलवर बरोबर 'साखर बंद' निवडलं होतं. आता आठवणीत नूरजहांचे शब्द होते, आणि बोटांना घरच्या मराठीची सवय. तिनं लिहिलं, 'मीठ बंद'. एक काना खाल्ला पोरीनं.

अन्नपूर्णाबाईंनी कागद वाचला आणि त्यांचा जीव कळवळला. "अळणी वरण कसं उतरंन वं त्याच्या घशाखाली? गुळाची लापशी टाकत जा त्याच्या डब्यात, जरा जास्तच." तेव्हापासून लापशी रोज जाऊ लागली.

पुढं एकदा डबे पोचवणारा संघपाल लग्नाला गेला, म्हणून प्रतीक्षा स्वतः निघाली. गनीचाचा खाटेवर बसले होते, पायाच्या अंगठ्याला चिंधी.

"चाचा, पायाले काय झालं?"

"कुछ नाही बेटी. चप्पल लागली होती. जखम भरूनच नाही राह्यली."

बोलता बोलता त्यांनी डबा उघडला, उशाजवळची वाटी ओढली आणि वरणात चिमूटभर मीठ टाकलं.

"अहो चाचा! मीठ बंद आहे न तुमाले?"

"मीठ? मीठ कोनं बंद केलं बेटी?" चाचा हसले. "मले मीठा बंद आहे. शुगर आहे न." आणि लापशीचा डबा त्यांनी पुढं ओढला.

"मंग हे काऊन खाता?"

"बाई इतक्या मायेनं धाडते. वापस कसं करू? नाराज होईन न ते."

तिनं लापशी हातातून काढूनच घेतली, ऑटो बोलावला आणि चाचांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम साफ केली. म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर अंगठा काढावा लागला असता." अंगठा वाचला, एवढं ऐकून ती तिथल्याच बाकड्यावर बसली आणि ढसाढसा रडली. मग नूरजहांला फोन लावून सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. नूरजहांनं झापलं, चांगलंच झापलं. प्रतीक्षानं सगळं ऐकून घेतलं. ऐकायलाच पाहिजे होतं. तिकडं हे कळताच अन्नपूर्णाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "माह्या हातानं वाढली वं लापशी!"

परतताना ऑटोत प्रतीक्षाला वर बघवेना.

"चाचा, चुकी माही होती. आजपासून लापशी नाही. मीठा पूरा बंद."

चाचांनी पायाच्या पांढऱ्या पट्टीवरून हात फिरवला. प्रतीक्षाला वाटलं, आता हे डबाच बंद करायला सांगतील.

"हाव बेटी, बंद," ते म्हणाले. "पण आता मीठ तरी चालू कर."