विहिरीवरच्या घागरीत खिडकी

शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा चकाकणारं भांडं काढायची माझी एक पक्की रीत होती. भांडं राखाडी रंगवायचं, कडेची सावली पुसट करत न्यायची आणि डाव्या पोटावर चार तावदानांची पांढरी खिडकी काढायची. झालं स्टील! साठ वह्या, साठ खिडक्या. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या घागरीतसुद्धा खिडकी. विहिरीवर खिडकी आली कुठून, हे मला एकाही वर्षी सुचलं नाही. कुणी विचारलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं, एवढी मी हुशार.

आता निवृत्तीनंतर नातीने दिलेल्या टॅबवर चित्रं काढते. माझी एक जुनी विद्यार्थिनी नवी पेठेत भांड्यांचं दुकान चालवते. घागरीच्या खोक्यावर छापायला तिला चित्र हवं होतं.

"फोटो का नाही काढत?" मी विचारलं.

"फोटोत घागरीपेक्षा दुकानातले पंखेच जास्त दिसतात, बाई. सोमवारपर्यंत द्या. नाही जमलं तर छापखानावाला नेटवरनं घेतो म्हणालाय."

न जमायला काय झालं? खोक्यावर माझं चित्र येणार, हे मी तोवर अख्ख्या कॉलनीला सांगूनसुद्धा टाकलं होतं.

घरी येऊन टॅब उघडला. रंगांचं चक्र तीनदा फिरवलं.

"अगं, यात चंदेरी कुठंय?"

"चंदेरी नसतो, आज्जी," नात म्हणाली.

"नसतो कसा? दुकानात बाटली मिळते की!"

"बाटलीत मिळतो. पडद्यावर नाही."

म्हटलं, हिला काय कळतंय. राखाडी घेतला, मऊ ब्रशने पुसट केला, डावीकडे खिडकी ठोकली आणि ऐटीत टॅब दुकानात नेऊन दाखवला. मालकीणबाईंनी, म्हणजे माझ्या त्या विद्यार्थिनीने, चष्मा लावला.

"बाई, ही सिमेंटची हाय का?"

मी तिला चकाकीबद्दल पाच मिनिटं समजावलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा म्हणाली, "सोमवारपर्यंत बघा."

घरी येऊन हे सांगितल्यावर नातीने स्वयंपाकघरातली घागर गॅलरीत आणून ठेवली. "आता बघ आणि सांग, राखाडी कुठंय."

मी पाटावर बसले. राखाडी जवळजवळ नव्हताच! काठाखाली कोळशासारखी काळी पट्टी, तिला खेटून पांढरीशुभ्र रेघ, मध्ये पुसटबिसट काही नाही. पोटावर गॅलरीचं हिरवं ग्रिल धनुष्यासारखं वाकलेलं. खाली फरशीचा तांबूस रंग. आणि मधोमध माझं नाक, भोपळ्याएवढं.

"मग हिचा स्वतःचा रंग कुठला गं?"

"तिला नसतोच. शेजाऱ्यांचा घेते."

आयुष्यभर रोज घागर घासली, पण तिच्यात कधी बघितलं नाही. वर दुसऱ्यांच्या पोरांना बघायला शिकवत होते.

दोन दिवस बसले. नातीने मऊ ब्रश लपवूनच टाकला होता. जिथे काळा लावायला हात धजत नव्हता, नेमका तिथेच काळा लावला की शेजारची पांढरी रेघ लखकन उठायची. सोमवारी दुकानात गेले.

"लई भारी झालंय की, बाई!" मालकीणबाईंनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. "हे कोण?"

"मी."

"काढून टाका. गिऱ्हाइकाला घागर पाहिजे, तुमी नको."

माझा चेहरा मी वेगळ्या थरावर काढला होता, हवा तेव्हा झाकता येईल असा. मी तो बंद केला. घागरीचं पोट तिथल्या तिथे मेलं, एक सपाट डाग राहिला. तिने स्वतःच बोट लावून थर चालू केला. बंद केला. पुन्हा चालू केला.

"काहीतरी पाहिजेच व्हय तितं?"

"पाहिजेच."

तिने टॅब माझ्याकडे सरकवला. "मग माझं तोंड घाला की. दुकान माझं हाय."

मी तिला समोर बसवलं, घागर मध्ये ठेवली आणि तिथेच काढून दिलं. खोकी छापून आली. कॉलनीतल्या बायका दुकानात जाऊन बघून आल्या आणि विचारायला लागल्या, तुमचं चित्र, मग नाक तिचं का? नाक तिचंच आहे, नथीसकट. आणि माझ्यापेक्षा जरा मोठंच काढलंय. घागरीचा आकारच तसा असतो, असं मी तिला सांगितलंय.