निमोण्यात वर राहिलेला अंगठा

रविवार, १८ जानेवारी २००४.

हजर: मी, रणदिवे, पुणे. कुरियन, कोट्टयम. बापूराव टेंगले, खुटबाव. शांताराम साळवे, निमोणे. चौघेही नौदलाच्या एकाच हेलिकॉप्टर स्क्वाड्रनमधले, चौघेही निवृत्त.

गैरहजर: सुमनवहिनी साळवे. हे नाव हजेरीत घ्यावं की नाही म्हणून थोडा वेळ पेन हातात धरून बसलो. मग घेतलं.

सकाळी अंधार असतानाच पुण्याहून व्हॅन काढली. आखणी साधी होती. दौंड स्टेशनवर कुरियनला घ्यायचं, खुटबावला टेंगलेकडे न्याहारी, तिथून तिघांनी निमोण्याला साळवेकडे जायचं, आणि संध्याकाळी कुरियनला पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसवून द्यायचं. त्याचा मुलगा तिथे असतो. मार्चमध्ये गोव्याला स्क्वाड्रनच्या जुन्या माणसांचा मेळावा ठरला होता आणि आमच्या वेळची माणसं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं होतं. सगळ्यांचे होकार आले. साळवेला पत्र टाकलं, तर कार्डावर एवढंच उत्तर: "या. घरीच असतो." गोव्याला येणार की नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

केरळची गाडी दीड तास उशिरा आली. दौंडचा फलाट लांबलचक. मी चहा आणि ऑम्लेट-पाव उरकून दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडलो. शेवटी डोक्यावर एकही केस नसलेला एक जाडगेला गृहस्थ डब्यातून उतरला आणि माझ्याच अंगावर ओरडला, "रणदिवे, तू किती म्हातारा झाला रे!" अठरा वर्षांत त्याचं मराठी जरासुद्धा बिघडलं नव्हतं, कारण ते मुळातच बिघडलेलं होतं. त्याच्या पिशवीत केळ्याचे वेफर्स होते. सर्वांसाठी एकेक पुडा, वर नावं लिहिलेली. एका पुड्यावर 'साळवे + सुमनभाभी'.

त्याला माहीत नव्हतं. व्हॅनमध्ये बसल्यावर मी सांगितलं की वहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्याने तो पुडा पिशवीत सर्वांत खाली सरकवला आणि चौफुला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

खुटबावात टेंगले वस्तीच्या तोंडाशीच उभा होता. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. आता ऊस आहे, मोटर आहे, दारात ट्रॅक्टर आहे. त्याने शेताच्या कडेला आगटी (हुरडा भाजायचा शेणीचा खड्डा) पेटवून ठेवली होती. गरम कणसं तळहातावर चोळून तो आमच्यापुढे दाणे टाकत होता. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही.

"खा रं कुरियन. तुमच्याकडं असलं न्हाई मिळायचं."

"हमारे यहाँ नारियल है," कुरियन तोंडभर हुरडा घेऊन म्हणाला.

"ते तर गोव्यातबी हुतं. डोस्क्यात पडलं तरी तुझ्यात फरक न्हाई पडला."

टेंगले आमचा मार्शलर, म्हणजे जहाजाच्या डेकवर हाताच्या खुणांनी हेलिकॉप्टर उतरवणारा. कुरियन हेलिकॉप्टरच्या दारात बसून दोर सोडायचा. मी स्पेअर पार्टचा हिशोब ठेवायचो. आणि साळवे इंजिनवाला. पंखा फिरत असताना डेकवर शेजारच्याचंही ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं बोलणं हातांनी. उड्डाणापूर्वी सर्वांत शेवटी साळवे मशीनसमोर उभा राहायचा, एका कानावरचं आवाज अडवणारं जाड झाकण वर सरकवून इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि पटलं की अंगठा वर करायचा. पायलटने आतून अंगठा दाखवायचा. तो परत मिळेपर्यंत खालच्या माणसाने जागा सोडायची नाही, हा रिवाज होता.

"आठवतं का, एकदा पायलट नकाशात घुसलेला आन् ह्येचा अंगठा वरच?" टेंगले हसायला लागला. "टोपी उडून समुद्रात गेली, चड्डी पाक भिजली, पर गडी हाल्ला न्हाई. मी त्या बाजूनं हात हलवतोय, मर की लेका, मागं सर. न्हाईच!"

तिघेही हसलो. मग टेंगले काडीने राख उकरत बसला.

"तुमी दोघंच जा," तो म्हणाला. "मी न्हाई येत."

हे होणार, अशी मला धास्ती होतीच. पाच वर्षांपूर्वी त्याने थोरल्या मुलीच्या लग्नाचं पहिलं आमंत्रण साळवेला फोनवर दिलं. साळवेने फोन उचलला, 'हॅलो, हॅलो' केलं आणि ठेवून दिला. टेंगलेने पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"आवाज वळखून ठिवला त्येनं. मी वरडून सांगतोय, टेंगले बोलतोय, टेंगले. आन् ह्यो ठिवतोय. मग मीबी पत्रिका न्हाई धाडली."

त्याची बायको, लक्ष्मीवहिनी, दह्याचं भांडं घेऊन आली होती. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "ह्यी पोरगी झाली तवा तुमी समुद्रावर हुता. मला दवाखान्यात सुमनबाईनं न्हेली. दोन रात्री बसली. ती गेल्याचा सांगावा आला तवा म्या म्हणलं, चला. तुमी उसाच्या तोडीचं कारण काढलं. आता तोड न्हाई. उठा."

टेंगले उठला. आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आला.

केडगाव, पारगाव करत भीमेचा पूल ओलांडला आणि शिरूर तालुक्यात शिरलो. नदीला पाणी होतं, काठावर पंपांच्या पायपांची रांग. पुढे रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि मोठ्याने लावलेली गाणी. एकामागे अडकलो तर न्हावरे येईपर्यंत सुटका नाही. टेंगले पुढच्या सीटवर होता. खुटबाव ते निमोणे एवढ्या रस्त्यात तो मला "गिअर बदल" एवढंच म्हणाला.

निमोण्यात साळवेचं घर विचारावं लागलं. पारावर बसलेले एक आबा म्हणाले, "मिल्ट्रीवाले साळवे व्हय? बुद्धविहाराच्या मागं. पर हाक मारू नका, सरळ आत जा."

हाक का मारायची नाही, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, अंगणात जास्वंद. साळवे पडवीत खुर्चीवर बसून पंपाची मोटर उघडून बघत होता. केस पांढरे, बाकी तोच. आमची सावली पडली तेव्हा त्याने वर पाहिलं. माझ्याकडे, कुरियनकडे, आणि मग टेंगलेकडे बराच वेळ.

"आलात," तो म्हणाला. आवाज सपाट आणि गरजेपेक्षा मोठा.

कुरियनने त्याला मिठी मारली आणि एका दमात सगळं विचारलं, तब्येत कशी, पोरं काय करतात, गोव्याला येणार ना. साळवे हसून मान हलवत राहिला. प्रत्येक प्रश्नाला तेच. त्याची सून चहा घेऊन आली. चहाचे कप वाटत असतानाच साळवेच्या कोपराजवळच्या स्टुलावर फोन वाजायला लागला. जुना, जड फोन. साळवेने बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली. फोन वाजतच होता.

सुनेने कप खाली ठेवून धावत जाऊन उचलला. बोलणं संपल्यावर आमचे चेहरे बघून म्हणाली, "मामांना ऐकू येत न्हाई. तुमाला ठावं न्हाई? धा वरसं झाली. कानाचं मशीनबी आणलं शिरूरवरनं, उपेग न्हाई."

"मग फोन?" टेंगलेने विचारलं. "फोन कोण घ्यायचं?"

"कुणी घरात नसलं म्हंजी मामाच. फोनवर हात ठिवून बसायचे. वाजला की थरथर लागती ना, मग उचलायचे. हॅलो हॅलो म्हणायचे आन् ठिवायचे. आई म्हणायच्या, निदान कळंल तरी घरात माणूस हाय."

टेंगलेने कप खाली ठेवला. तो पडवीतून अंगणात उतरला, जास्वंदीपाशी जाऊन वळला, साळवेसमोर ताठ उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ वर केले. डेकवरची पहिली खूण. माझ्याकडे बघ, तुला मी उतरवणार आहे.

साळवेच्या हातातली बशी कलंडली. तो खुर्चीतून उठला. टेंगले दोन्ही हातांनी त्याला पुढे बोलवत होता, ये, ये, थोडा डावीकडे, आता सावकाश, आणि साळवे खरोखरच तसा पायऱ्या उतरून अंगणात आला. कुरियन मागून तोंडाने पंख्याचा आवाज काढत होता. शेजारच्या बायका कुंपणापाशी येऊन तोंडाला पदर लावून हसत होत्या. टेंगलेने हात आडवे करून त्याला थांबवलं. दोघांत हातभर अंतर राहिलं.

पुढे काय करायचं, ते टेंगलेला सुचेना. त्याने आतल्या भिंतीवरच्या सुमनवहिनींच्या फोटोकडे बोट केलं, हात जोडले, छातीवर हात ठेवला. ओठ हलत होते. मशीन उतरवायच्या सगळ्या खुणा त्याला पाठ होत्या; यासाठी त्याच्याकडे एकही नव्हती.

"तू आला न्हाईस," साळवे त्याच सपाट, मोठ्या आवाजात म्हणाला. "पोराला म्हणलं, पयला सांगावा खुटबावला धाड. सुमनच्या जलदानविधीच्या दिवशीबी वाट बघितली. सगळे म्हणाले, दादा, आता बसा. मी म्हणलं, टेंगल्या यायचाय."

टेंगले बोलायला लागला, भरभर. साळवे त्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे वळला. "काय म्हणतोय ह्यो?"

मी खिशातला एक जुना कागद काढला, त्याच्या मागच्या बाजूला लिहिलं: 'मुलीच्या लग्नाला बोलवायला त्याने तीनदा फोन केला. तू ठेवलास. तू मुद्दाम ठेवलास असं त्याला वाटलं.' साळवेने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. कागदाची घडी घालून शर्टच्या खिशात ठेवली.

"इंजनापाशी उभं ऱ्हायलेली माणसं तुमी," तो म्हणाला. "बाकी कुणाला न्हाई तर तुमाला तरी कळाया पायजे हुतं."

मी पेन बंद करून खिशात ठेवलं.

सुनेने जेवायला वाढलं. अंड्याचा काळ्या मसाल्यातला रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. साळवेने स्वतःच्या हाताने टेंगलेच्या ताटात रस्सा वाढला, नको म्हणत असताना दुसऱ्यांदा वाढला. कुरियनने वेफर्सचा पुडा काढला आणि वरचं नाव तळव्याने झाकून दिला. साळवेने त्याचा हात बाजूला करून नाव वाचलं, आणि उठून तो पुडा फोटोखाली ठेवून आला. गोव्याचं मी लिहून विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "तितं समदे बोलत बसणार. मी काय करू?"

मी घड्याळ पाहिलं. सकाळची गाडी उशिरा आल्यामुळे पुढचं सगळंच सरकलं होतं, आणि कुरियनची मुंबईची गाडी चुकणं मला परवडणार नव्हतं. उठलो.

गल्ली अरुंद, व्हॅन मागेच घ्यावी लागणार होती. साळवे मागे गेला आणि हातांच्या खुणांनी मला बाहेर काढू लागला. उजवीकडे, बस, सरळ. आरशात त्याचे हात दिसत होते, एकही खूण फुकट नाही. मोठ्या रस्त्यावर व्हॅन सरळ झाली तेव्हा तो पुढे येऊन समोरच्या कडेला उभा राहिला. चाकांकडे पाहिलं, बॉनेटकडे पाहिलं, आणि अंगठा वर केला.

त्याच वेळी मागून उसाचा ट्रॅक्टर आला आणि हॉर्न वाजवत सुटला. माझा एक हात गिअरवर, दुसरा स्टिअरिंगवर. टेंगलेचं तोंड टॉवेलात. कुरियन मागे पिशवी लावत होता. मी गाडी काढली.

आरशात साळवे दिसत होता. अंगठा तसाच वर.

"थांबू का?" मी विचारलं.

टेंगलेने टॉवेल बाजूला केला, मागे वळून पाहिलं. "ट्रॅक्टर हाय मागं. कुरियनची गाडी जाईल." थोड्या वेळाने म्हणाला, "येऊ की परत."

वळणावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आड आल्या, आणि मग काही दिसलं नाही.

न्हावऱ्याला टेंगले उतरला आणि चौफुल्याच्या जीपमध्ये बसला. तळेगाव ढमढेऱ्यात आम्ही चहाला थांबलो. भाजीच्या जीपा भरत होत्या, हमालांचा आरडाओरडा चालू होता. कुरियन म्हणाला, "रणदिवे, वो अभी भी खड़ा होगा क्या?" मी म्हटलं, छे, गेला असेल घरात. कुरियनने मान हलवली, पण चहा अर्धाच प्यायला. त्याला गाडीत बसवलं तेव्हा गाडी सुटायला चांगला वेळ होता. इतका, की निमोण्यात थांबलो असतो तरी चाललं असतं.

मेळावा मार्चमध्ये झाला. भाषणं झाली, फोटो झाले. टेंगलेला आतापर्यंत तीनदा विचारलं. एकदा उसाची तोड होती, एकदा माझ्याकडे सोसायटीचं ऑडिट, एकदा त्याच्या मुलीची दुसरी खेप. एकटा जा, असं बायको म्हणते, पण तो अंगठा माझ्या एकट्यासाठी नव्हता.

माझ्या वहीतल्या कामाच्या यादीत निमोण्याच्या प्रवासातल्या सगळ्या ओळींवर काट मारलेली आहे. एक सोडून: साळवेला अंगठा परत देणे.