छपाई चांगली आहे

वार गुरुवार, रक्कम दोनशे रुपये, हजर दोघे : मी आणि सिस्टर. जाफराबादच्या आमच्या वाचनालयात सिस्टर सभासद झाल्या, त्याची नोंद एवढीच. अनामतीच्या नोटा पुढे करताना त्यांनी विचारलं, "परत मिळतात ना?"

"सभासदत्व सोडाल तेव्हा मिळतील."

"मंग राहू द्या तुमच्यापाशी. सोडायची घाई न्हाई."

धावड्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. यजमान वारलेले, मुलगा पुण्यात, इथे दोन खोल्या आणि त्या. गावात त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. मी वाचनालयाचा बिनपगारी खजिनदार. मुलांच्या शिक्षणासाठी बायको-मुलं संभाजीनगरला, मी नोकरीमुळे इथे. संध्याकाळी डबा खाण्याआधी वेळ जात नाही म्हणून वाचनालय उघडून बसायचो. पुस्तकं वाचत नव्हतो. पाठीमागची किंमत तेवढी बघायचो.

दर गुरुवारी बाजाराची पिशवी दाराशी ठेवून सिस्टर आत यायच्या. बसायच्या नाहीत. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक टेबलावर ठेवायच्या आणि उभ्या उभ्या निकाल सांगायच्या. एक जाडजूड कादंबरी होती, बक्षीस मिळालेली. तिच्यावर त्या म्हणाल्या, "हा माणूस अर्धं पुस्तक खिडकीत बसून राह्यला, भाऊ. घरात ह्याला दळण आणायला सांगणारं कोणीच न्हाई का?" दुसऱ्या एका कादंबरीत नायिकेचं बाळंतपण अर्ध्या पानात उरकलं होतं. "लेखक बाहेर उभा होता," एवढंच बोलून त्यांनी पुस्तक सरकवलं. एका बड्या अधिकाऱ्याच्या आठवणी मात्र त्यांना सोसल्याच नाहीत. "प्रत्येक बदलीत ह्याच्यावरच अन्याय. एवढी वर्षं खुर्चीवर बसला, ह्यानं एकदाही कोणावर केला न्हाई?"

आत्मचरित्र हातात घेतलं की त्या आधी एकच गोष्ट शोधायच्या. "ह्याच्या घरी चहा कोण करतं, ते बघते. चहा पिल्याचं लिहितात सगळे. करणारी दिसली की मंग पुढचं वाचते."

त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही. विनोदी पुस्तकं त्यांना बिलकुल चालत नसत आणि माणसं कारणाशिवाय उदास झाली की त्या चिडत. पण एकदा एका अनोळखी लेखिकेचं लहानसं पुस्तक त्यांनी पुन्हा पुन्हा मुदत वाढवून ठेवून घेतलं. मुलं दूर गेल्यावर एका खोलीत राहणाऱ्या बाईच्या आठवणी होत्या त्या. परत करताना पहिल्यांदाच त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "काय सांगू भाऊ, रविवारची दुपार बराबर लिहिली बाईनं." ते पुस्तक मी घरी नेलं. किंमत न बघता वाचलेलं माझं पहिलं पुस्तक तेच.

गावातले एक मास्तर तिथे पेपर वाचायला यायचे. कुठलंही पुस्तक दाखवा, ते म्हणायचे, "छपाई चांगली आहे." एकदा सिस्टर त्यांच्यावर उखडल्या. "मास्तर, पेशंटला विचारलं कसं वाटतं, आन तो म्हणाला चादर स्वच्छ हाय, तर आम्ही काय समजायचो? दुखणं लपवून राह्यला!" मास्तरांनी पेपर तोंडापुढे धरला तो त्या जाईपर्यंत खाली घेतला नाही.

सिस्टरनी ज्यांच्या हाताखाली नोकरीचा मोठा काळ काढला, ते डॉक्टर निवृत्तीनंतर जाफराबादलाच राहत. त्यांनी आठवणींचं पुस्तक स्वखर्चाने काढलं. प्रकाशन आमच्या वाचनालयात ठरलं आणि चार शब्द सिस्टरनी बोलावेत असं डॉक्टरांनीच सुचवलं. एक प्रत मी त्यांना आधी वाचायला दिली. पिशवीत टाकताना त्या हसून म्हणाल्या, "साहेबांना आधीच सांगून ठेवा, मी तोंडावर बोलते."

मीही ते पुस्तक वाचलं. धावड्याची बरीच प्रकरणं होती. जीपच्या ड्रायव्हरचं नाव होतं, कंपाउंडरचं होतं, डॉक्टरांना अंडी आणून देणाऱ्या शेतकऱ्याचं होतं. पावसात लाइट गेली असताना अडलेल्या बाईला जुळं झालं, तो प्रसंग तर फार चांगला उतरला होता. सिस्टर कुठेच नव्हत्या. मी पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं. नव्हत्याच.

समारंभाला शाल झाली, नारळ झाला. सिस्टर बोलायला उठल्या तेव्हा मास्तर माझ्या कानाशी कुजबुजले, "आता बघा." सिस्टरनी पुस्तक हातात धरलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "छपाई चांगली हाय. अक्षर मोठं हाय. म्हाताऱ्या माणसाला वाचता येईल." आणि खाली बसल्या. टाळ्या पडल्या. डॉक्टर खूश होते. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाळी वाजवली नाही.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत, त्यानंतरच्याही नाहीत. घरी गेलो तर म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर बदललाय." चष्मा लावून त्या तांदूळ निवडत होत्या. मी चहा घेऊन परत आलो.

काही दिवसांनी त्या आल्या त्या पुण्याला जायचं सांगायला. मुलानं कायमचं बोलावलं होतं. मी अनामतीचे दोनशे रुपये दिले, सही घेतली. त्यांनी नोटा तशाच माझ्यापुढे परत ठेवल्या. "साहेबांचं पुस्तक केवढ्याला?"

"दोनशे." समारंभात वाटून उरलेला गठ्ठा विक्रीसाठी आमच्याकडेच पडून होता. एकही प्रत खपली नव्हती.

"एक द्या."

मला राहवलं नाही. "सिस्टर, त्यात तुमचं नाव नाही."

"वाचलंय मी, भाऊ." त्यांनी जुळ्यांचं पान काढून माझ्यापुढे धरलं. "लाइट गेली म्हणून लिहिलंय. मंग साहेबांना दिसलं कसं? बॅटरी धरून मी उभी होते. हात भरून आल्ते, पण हलू दिला न्हाई. माझं नाव नसंल. उजेड तर हाय ना ह्याच्यात."

पुस्तकाला कव्हर मी घातलं. त्या पिशवी उचलून एसटी स्टँडकडे गेल्या. वाचनालय अजून मीच उघडतो. गुरुवारी समोरची खुर्ची पुसून ठेवतो.

ते दोनशे रुपये मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या घरी नेऊन दिले. पहिली विक्री म्हणून ते हरखले. "कोणी घेतलं?"

"सिस्टरनी. आता पुण्याला गेल्या त्या."

त्यांचा चेहरा उतरला. "अरे, तिला तर मी भेट द्यायला पाहिजे होतं."

"पावती द्या," मी म्हणालो. "घेणाऱ्याच्या नावानं."

त्यांनी औषधं लिहायचं जुनं पॅड ओढलं, पेन उघडलं आणि थांबले. "पूर्ण नाव काय हो तिचं? आम्ही आपले कायम सिस्टरच म्हणायचो."

मी सावकाश सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. सुमन भिकाजी वाहुळे यांजकडून दोनशे रुपये मिळाले. खाली डॉक्टरांची सही.